ढोल उठण्याआधीची लेव्हल

अनंत चतुर्दशीला पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर कॅमेरा लावला की चित्राची फारशी चिंता नसते. मंडईतल्या टिळक पुतळ्यापासून निघालेला मानाचा पहिला कसबा गणपती, त्याच्यापुढचे ध्वज, गुलाल, सगळं समोरच असतं. कस लागतो तो आवाजाच्या बाबतीत.

ढोल-ताशा पथक थांबतं. ताशाची तर्री एकटीच सुरू होते आणि मग सगळे ढोल एकदम उठतात. रेकॉर्डर ‘ऑटो’वर असेल, तर नेमक्या त्या क्षणी तो गेन खाली ओढतो. छातीत घुमलेला पहिला ठोका रेकॉर्डिंगमध्ये तर्रीइतकाच ऐकू येतो. वादन थांबलं की गेन आपोआप वर चढतो आणि गर्दीचा गलका ढोलांएवढा होतो. ज्या चढउतारासाठी माणसं तासन्‌तास ताटकळतात, तोच सपाट होतो! म्हणून ऑटो गेन बंद करणं हे माझं पहिलं काम.

डिजिटल मीटरवर 0 डेसिबल ही शेवटची रेघ. तिच्यावर गेलेल्या लाटेचा माथा कापला जातो आणि तो नंतर कशानंही परत मिळत नाही. भाषणाचे सर्वांत मोठे आवाज –12 च्या आसपास ठेवले तर भागतं. ताशाचे फटके मात्र इतके झटपट असतात, की पुष्कळ मीटर ते पुरते दाखवतच नाहीत. तिथे मी –20 च्या जवळ राहतो. 24 बिटमध्ये हळू घेतलेला आवाज नंतर सहज वाढवता येतो.

तरीही मीटर हिरवा असताना आवाज फाटलेला सापडतो. तो माइकमध्येच किंवा त्याच्यापुढच्या प्रीअँपमध्ये फाटलेला असतो, त्यामुळे फेडर ओढून उपयोग नसतो. प्रीअँप फाटत असेल तर 20 डेसिबलचा पॅड लावायचा; माइकच फाटत असेल तर सरळ मागे सरकायचं. 32 बिट फ्लोट रेकॉर्डरही माइकमध्ये फाटलेला आवाज वाचवू शकत नाही. आवाज फाटतोय हे फक्त हेडफोनवर कळतं.

छोट्या सभागृहातल्या मैफलीत पेच वेगळा. साउंडवाले दादा मिक्सरमधून लाइन देतात. इनपुट ‘माइक’वरून ‘लाइन’वर न्यायचं. पण तबला सभागृहात मुळातच खणखणीत ऐकू येतो, म्हणून मिक्सरवर त्याला कमी ठेवलेलं असतं. नुसत्या त्या लाइनवर गाणं पुढे येतं, तबला दुबळा पडतो, टाळ्या तर जवळजवळ नाहीतच. म्हणून दुसऱ्या चॅनेलवर सभागृहातला माइक हवाच. तो 17 मीटर मागे असेल, तर आवाज सुमारे 50 मिलिसेकंद उशिरा पोहोचतो, म्हणजे 25 फ्रेमच्या चित्रीकरणात एका फ्रेमहून अधिक. संकलनात तो ट्रॅक तेवढा अलीकडे सरकवावा लागतो.

दादांना भेटायला मी साउंड चेकलाच जातो. तिथे गायक राखून गातात, मैफल रंगल्यावर मोकळे होतात. त्यामुळे साउंड चेकला जुळवलेल्या गेनमधून 6 डेसिबल कमी करूनच मी जागेवर बसतो.