अजिंक्यतारा आणि हर्ट्झच्या लहरी

रविवार, २६ ऑक्टोबर २०२५

पहाटे इथे, जर्मनीतल्या कार्ल्सरूहेत, घड्याळं तासभर मागे गेली. साताऱ्याशी अंतर आता साडेचार तासांचं. भाऊबीज होऊन गेली तरी मुलांचा किल्ला पुरा व्हायचाय. यंदा मातीचा नाही, माईनक्राफ्टमधला अजिंक्यतारा आहे. इकडून माझा मुलगा बांधतो, तिकडून भाचा. खेळातलं जग आमच्या लॅपटॉपवर उघडतं आणि भाचा त्यात येतो. आज तो सारखा ओरडत होता, "आत्या, माझा बुरूज परत गेला!" ठेवलेला दगड दोन-दोन सेकंद दिसत नाही, चालता चालता माणूस मागे फेकला जातो. नेटचा वेग तपासला तर शंभर एमबीपीएसच्या वर. म्हणजे दुखणं वेगाचं नाही. अशा खेळाला डेटा अगदी थोडा लागतो, पण तो वेळच्या वेळी पोचावा लागतो. डेटाचं एक पॅकेट वीस मिलिसेकंदांत आणि पुढचं तीनशेत आलं की बुरूज पडलाच.

सोमवार, २७ ऑक्टोबर

शाळेला शरदाची सुट्टी. मुलाच्या खोलीत लॅपटॉप ठेवून बाहेरच्या कुठल्या सर्व्हरला नव्हे, घरच्या राउटरलाच पिंग लावून ठेवलं, म्हणजे त्याचं उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते सतत मोजलं. तीन, चार, तीन, एकशे ऐंशी, चार, दोनशे चाळीस, मग उत्तरच नाही. तोच लॅपटॉप राउटरला केबलने जोडला तर सलग एक, एक, एक. बिघाड घराच्या आतच, हवेत आहे.

ही फोड आधी करावी, मगच कंपनीला फोन. इथली नियामक संस्था, बुंडेसनेत्झआगेन्टुर, कमी वेगाच्या तक्रारीसाठी ३० मोजण्या मागते, तीन वेगवेगळ्या दिवशी आणि केबल लावूनच. मला हा नियम न्याय्य वाटतो. भिंतींचा दोष तारेवर का घालायचा?

मंगळवार, २८ ऑक्टोबर

मुलाला सायकलवरून विद्यापीठाच्या आवारात नेलं, हाइनरिश हर्ट्झचा अर्धपुतळा दाखवायला. हर्ट्झ १८८५ मध्ये या गावी प्राध्यापक म्हणून आला आणि १८८९ मध्ये बॉनला गेला. मधल्या वर्षांत त्याने विद्युतचुंबकीय लहरी प्रत्यक्ष निर्माण करून दाखवल्या. आमच्या घरातलं वायफाय त्याच जातीचं.

मुलाला सगळ्यात आवडली ती व्याख्यानाच्या दालनातली गोष्ट. दालन १५ मीटर लांब. एका टोकाच्या भिंतीवर जस्ताचा पत्रा, चार मीटर उंच, दोन मीटर रुंद. समोरून लहर सोडायची, ती पत्र्यावर आपटून परत फिरते, जाणारी आणि येणारी एकमेकींत मिसळतात. हर्ट्झ तारेचं कडं घेऊन दालनभर फिरला. कड्याच्या फटीत कुठे ठिणगी उडे, कुठे पार विझे. विझण्याच्या जागांमधल्या अंतरावरून त्याने लहरीची लांबी काढली, साडेनऊ मीटरच्या आसपास. प्रयोगाआधी त्याने छताला टांगलेले गॅसचे नळ आणि झुंबरं काढायला लावली होती. लोखंडी खांबांच्या दोन रांगा मात्र हलवता येईनात. ते खांब लहरींना सबंध भिंतीसारखेच अडवतात असं त्याने लिहून ठेवलं, आणि त्यांच्यामधल्या जागेतच काम केलं. लाकडी टेबलं-बाकं तशीच राहू दिली. पुढे १८८८ च्या डिसेंबरात त्याने हेही दाखवलं की लाकडी दारातून लहर आरपार जाते.

परतताना मुलगा म्हणाला, "आई, आपल्याकडे झुंबर कुठलं?" ह्या प्रश्नावर मी फार खूश आहे.

बुधवार, २९ ऑक्टोबर

राउटर आणि मुलाची खोली यांच्यामध्ये काय काय आहे ते आम्ही दोघांनी मिळून लिहिलं. बुटांचं पत्र्याचं कपाट, त्याच्याच मागे राउटर. मग न्हाणीघर: आरसा, पाण्याचे नळ, वॉशिंग मशीन. शेवटी सळ्यांच्या काँक्रीटची भिंत. २.४ गिगाहर्ट्झची लहर साडेबारा सेंटीमीटरची, तेव्हा लॅपटॉप वीतभर सरकवला तरी संकेत बदलतो. हर्ट्झला त्यासाठी दालनातून चालावं लागलं. राउटर कपाटामागून काढून छातीच्या उंचीच्या फळीवर, दाराच्या सरळ रेषेत ठेवला. पिंगमधल्या उड्या कमी झाल्या, थांबल्या नाहीत.

गुरुवार, ३० ऑक्टोबर

आज शेजारी. फोनवर आसपासच्या नेटवर्कांची यादी संपता संपेना. वायफायचं प्रत्येक यंत्र बोलण्याआधी ऐकतं आणि वाहिनी मोकळी होईपर्यंत थांबतं. २.४ मध्ये इथे १३ वाहिन्या, पण रूढ हिशेबाने एकमेकींवर न चढणाऱ्या तीनच: १, ६ आणि ११. सगळी इमारत तिथेच गर्दी करते. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला आणि राउटरची वाहिनी ३६ वर पक्की केली. ५२ पासून पुढच्या वाहिन्यांवर रडार आढळला तर राउटरला तत्काळ जागा सोडावी लागते, आणि नव्या वाहिनीवर निदान एक मिनिट नुसतं ऐकावं लागतं. हवामान रडारच्या पट्ट्यात दहा मिनिटं. गावाच्या उत्तरेला, विद्यापीठाच्या दुसऱ्या आवारात, असा रडार आहेही. पावसाचा इशारा खेळाच्या आधी, हे योग्यच.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

तरी पाचच्या सुमाराला अडखळणं आहेच. नवरा घरी आला की त्याच्या फोनमधले दिवाळीचे फोटो क्लाउडवर चढू लागतात, आणि किल्ल्याची पॅकेटं त्यांच्या मागे राउटरच्या रांगेत उभी राहतात. फोटो रात्रीवर ढकलले, राउटरमध्ये लॅपटॉपला अग्रक्रम दिला.

उद्या सर्व संतांचा सण, परवा रविवार, दोन्ही दिवस दुकानं बंद आणि ड्रिल चालवायला मनाई. घर भाड्याचं, भोक पाडायचं तर मालकाची परवानगी हवी. म्हणून संध्याकाळीच चपटी लॅन केबल आणली, दाराखालून जाते. खेळासाठी केबलच उत्तम, वरची सगळी खटपट बाकीच्या घरासाठी.

रविवार, २ नोव्हेंबर

राउटरपर्यंत एक मिलिसेकंद, सलग. साताऱ्यापर्यंत दीडशेच्या वर, ते राहणारच. सरळ रेषेत सुमारे पावणेसात हजार किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन सदुसष्ट-अडुसष्ट मिलिसेकंद तर निसर्गाचेच. शिवाय केबली सरळ नाहीत, समुद्रातून वळसे घेतात. सप्टेंबरात जेद्दाहजवळ त्यांतल्या काही तुटल्याही होत्या. पण स्थिर दीडशेवर मुलं छान बांधतात. मावळे दरवाजात ठेवायचे की तटावर, यावर आज वाद झाला आणि त्यात एकही वाक्य तुटलं नाही.

अधूनमधून जी उडी दिसते ती आता तिकडची. दादाला लिहिलं: राउटर फ्रिजवर आहे ना, तो आधी खाली काढ. मग लॅपटॉपवरून राउटरलाच पिंग लाव, दहा मिनिटं चालू दे आणि आकडे मला पाठव.