एकाच सुईतले दोन विषाणू

हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या विषाणूंची कुळे वेगळी. एक यकृतात मुक्काम करतो, दुसरा प्रतिकारशक्तीच्या पेशी पोखरतो. तरी एकाच माणसात दोघे वारंवार सापडतात, कारण दुसऱ्याने वापरलेली सुई दोघांनाही आत नेते. इंजेक्शनने नशा करणारे, तुरुंगातले कैदी, डायलिसिसवरचे आणि सतत रक्त घ्यावे लागणारे थॅलेसेमियाचे रुग्ण यांना धोका अधिक. नागपुरात २०२२ मध्ये थॅलेसेमियाच्या चार मुलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे उघड झाले.

इंदूरमध्ये भूगोलही या धोक्यात भर घालतो. मुंबई-आग्रा महामार्गावरून ट्रकचालक आणि मजूर यांची अखंड ये-जा असते. पलीकडे नीमच, मंदसौर, रतलाममध्ये परवान्याने अफू पिकते आणि तिचा काही भाग चोरवाटांनी बाहेर पडतो. अफूपासून बनणारी ब्राउन शुगर ओढणारा पुढे सुईकडे वळला की धोका एकदम वाढतो. सिरिंजमध्ये उरलेल्या रक्तात हिपॅटायटिस सीचा विषाणू कित्येक आठवडे तग धरतो. पाणी, कापूस, औषध विरघळवण्याचे झाकण यांतूनही तो पसरतो. म्हणून केवळ सुई बदलून भागत नाही.

देशातल्या १५ शहरांत इंजेक्शनने नशा करणाऱ्या १४ हजारांहून अधिक लोकांची तपासणी झाली. तिचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. सुमारे ३७ टक्के लोकांच्या रक्तात हिपॅटायटिस सीची प्रतिपिंडे होती आणि बहुतेकांना त्याचा पत्ताच नव्हता. या कामात चेन्नईच्या वायआरजी केअरचा वाटा मोठा. भारतातले पहिले एचआयव्हीबाधित १९८६ मध्ये शोधणाऱ्या डॉ. सुनीती सोलोमन यांनी ती संस्था उभारली.

हिपॅटायटिस सीवर लस नाही, पण औषध आहे. सोफोस्बुविर आणि डॅक्लाटास्विर या गोळ्या साधारणपणे १२ आठवडे घेतल्या की १०० पैकी ९५ हून अधिक रुग्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमातून तपासणी आणि उपचार मोफत मिळतात. एचआयव्हीची औषधे तर २००४ पासून मोफत आहेत. इंदूरच्या एमवाय हॉस्पिटलमध्ये ती देणारे एआरटी केंद्र आहे. ही औषधे जन्मभर घ्यावी लागतात, पण विषाणू रक्तात दिसेनासा झाला की लैंगिक संबंधातून लागण होत नाही.

दोन्ही आजार असतील तर औषधांचा मेळ पाहावा लागतो. एचआयव्हीचे एफाविरेंझ चालू असेल तर डॅक्लाटास्विरची मात्रा वाढवतात. एचआयव्हीच्याच डॉल्युटेग्रॅव्हिरसोबत ती गरज नसते. क्षयाचे रिफॅम्पिसिन मात्र हिपॅटायटिस सीच्या गोळ्यांना निष्प्रभ करते, म्हणून आधी क्षय आवरायचा. हिपॅटायटिस बीची तपासणीही आधीच हवी, कारण सीचा विषाणू हटल्यावर बी उसळू शकतो.

बरा झालेला रुग्ण पुन्हा बाधित होऊ शकतो, ही या क्षेत्रातली सर्वांत दुर्लक्षित बाब. यकृत मोकळे करून त्याला त्याच सुईकडे परत पाठवणे म्हणजे अर्धे काम. नवी सिरिंज, कंडोम आणि नशेची तलफ शमवणारी, जिभेखाली ठेवायची ब्युप्रेनॉर्फिनची गोळी यांची जोड उपचाराला हवीच. नशा सुटल्याशिवाय उपचार नाही, ही अट वैद्यकीय नव्हे, नैतिकतेच्या पोशाखातली अडवणूक आहे. सुया वाटणे म्हणजे नशेला उत्तेजन, असा आक्षेप पोलीस आणि शेजारी दोघेही घेतात. पण २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने अशा उपायांना संरक्षण दिले आहे.

आणखी एक अडथळा कागदाचा असतो. प्रतिपिंडांचा अहवाल हिपॅटायटिस सी बरा झाल्यावरही सहसा पॉझिटिव्हच राहतो. खरे उत्तर प्रत्यक्ष विषाणू शोधणारी आरएनए तपासणीच देते, आणि ती औषध संपल्यावर १२ आठवड्यांनी करायची असते. तोवर बरा-न-बरा ठरत नाही. कधीतरी सुई वाटून घेतली असेल त्याने हिपॅटायटिस सी आणि एचआयव्ही या दोन्हींच्या तपासण्या एकाच वेळी मागाव्यात. एचआयव्हीच्या तपासणीबद्दल १०९७ या मोफत क्रमांकावर माहिती मिळते.