टोकियोतला पत्त्यांचा बाजार

टोकियोच्या निशी-कासाई भागात भारतीय कुटुंबांची मोठी वस्ती आहे. त्यात मराठी घरंही आहेत. तिथून तोझाई मार्गाची भुयारी रेल्वे पकडायची, कायाबाचोला हिबिया मार्गाच्या गाडीत बसायचं, की थोड्याच वेळात अकिहाबारा येतं. दुसऱ्या महायुद्धानंतर इथे रेडिओच्या सुट्या भागांच्या टपऱ्या उभ्या राहिल्या. पुढे टीव्ही, फ्रीज आले, मग संगणक आले. आज इथल्या कितीतरी इमारतींच्या वरच्या मजल्यांवर पत्त्यांची दुकानं आहेत.

हे पत्ते म्हणजे आपले बदाम-इस्पिक नव्हेत. जपानला पत्त्यांचं वेड मात्र जुनंच. तिथला ‘कारुता’ हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला. निन्तेन्दो ही कंपनीसुद्धा १८८९ साली क्योतोत फुलांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यासाठीच निघाली. ऑक्टोबर १९९६ मध्ये पोकेमॉनचे पत्ते बाजारात आले आणि पोरांचे खिसे त्यांनी भरून गेले.

एका रविवारी अशाच एका दुकानात एक मराठी आई नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. शाळा जपानी, भाषा अर्धीमुर्धी. मधल्या सुट्टीत सगळी मुलं पत्त्यांबद्दल बोलायची आणि हा भिंतीला टेकून उभा राहायचा. आईच्या मनात मात्र धाकधूक होती. काचेच्या कपाटात एकेका पत्त्याची किंमत हजारो येन! हा जुगार तर नव्हे?

दुकानदाराने त्या कपाटाकडे बोटही केलं नाही. साठ पत्त्यांचा एक तयार कॅट पुढे ठेवला आणि खेळायच्या टेबलाकडे नेलं.

नियम तसे सोपे. पत्ते पिसून सात हातात घ्यायचे. मूळ रूपातल्या प्राण्याला जपानीत ‘ताने’, म्हणजे बी म्हणतात. तसा एक समोर मांडायचा, मागच्या बाकावर जास्तीत जास्त पाच. सहा पत्ते बक्षिसाचे म्हणून पालथे ठेवायचे. उरलेला गठ्ठा ‘यामाफुदा’, त्यातला ‘यामा’ म्हणजे डोंगर. पाळी आली की डोंगरातून एक पत्ता उचलायचा. एका पाळीत ऊर्जेचा एकच पत्ता प्राण्याला जोडायचा. हल्ला केला की पाळी संपली. सुरुवात करणाऱ्याला पहिल्या पाळीत हल्ला करता येत नाही. समोरचा साधा प्राणी बाद झाला की आपलं एक बक्षीस उचलायचं. सहाही हाती आली की डाव जिंकला. समोरच्याचा एकही प्राणी मैदानात उरला नाही, किंवा पाळीच्या सुरुवातीला त्याला उचलायला पत्ताच नसला, तरीही आपली जीत.

समोर त्याच्याच वयाचा एक जपानी मुलगा बसला. दोघांनी वाकून नमस्कार केला, दगड-कागद-कात्री करून पाळी ठरवली. आपल्या मुलाने घाईत ऊर्जेचे दोन पत्ते जोडले. समोरच्याने हसून एक बोट वर केलं. चूक सुधारली, पण डाव गेला. मुलाचे डोळे भरून आले. तरी शेवटी त्याने वाकून आभार मानले.

दुसऱ्या डावात रंग भरला. एकदा जपानी मुलगा पत्ता उचलायलाच विसरला. गप्प राहिलं असतं तर फायदाच होता. पण मुलाने गठ्ठ्याकडे बोट दाखवलं आणि हळूच म्हणाला, “यामाफुदा.” समोरचा खळखळून हसला. हाही डाव गेला, पण तिसऱ्यासाठी पत्ते पिसायला दोघंही तयार! आईच्या मनातला जुगार तिथेच विरला.

मुलांबरोबर जाणाऱ्यांनी काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. बंद पाकिटात सहसा पाच पत्ते असतात, कोणते ते नशिबावर. म्हणून खर्चाची मर्यादा घरूनच ठरवून निघावं. साधे सुटे पत्ते खोक्यांमधून थोडक्या येनमध्ये मिळतात. बऱ्याच दुकानांत गिऱ्हाइकांना आपसात अदलाबदल करायला मनाई असते आणि लहान मुलांकडून पत्ते विकत घेताना पालकांची संमती मागतात.

परतीच्या गाडीत मुलाने आईच्या हातात सात पत्ते ठेवले. म्हणाला, “आई, आधी बी शोध.”