तिकिटांचें मोल

टपालाचीं तिकिटें जमविणारीं आमच्या माळशिरसचीं मुलें प्रथम विचारितात, "सर, याचे किती येतील?" दुर्मिळ वस्तूस किंमत येते, हें खरें. १९४८ सालीं गांधीजींच्या तिकिटांचे 'सर्व्हिस' हा शब्द छापलेले सुमारें १०० संचच सरकारी वापरासाठीं निघाले. त्यांतील १० रुपयांचें तिकीट आज लाखो रुपयांस जातें. परंतु आपल्या वहींतील २००२ सालचें ४ रुपयांचें अण्णा भाऊ साठे यांचें तिकीट पाहून एका विद्यार्थ्यानें 'हे कोण?' असें विचारिलें आणि 'फकिरा' ही कादंबरी वाचून काढिली. तें तिकीट विकून फारसें कांहीं मिळणार नाहीं. पण त्यानें लाविलेली वाचनाची गोडी कोणत्या बाजारांत मिळेल? पालकांनींही मुलांस 'किती येतील?' याऐवजीं 'हे कोण?' असेंच विचारावें.