काशीची क्रीडास्मृती आणि मर्यादित आवृत्तीची छायाचित्रे

वाराणसीच्या तुलसी घाटावरील आखाड्यात गदा आणि जोडी, म्हणजे दोन्ही हातांनी फिरवायची जड मुद्गले, यांची परंपरा टिकून आहे आणि १९८०च्या मॉस्को ऑलिम्पिकमधील सुवर्णविजेत्या हॉकी संघाचे मोहम्मद शाहिद याच शहराचे, म्हणून येथील क्रीडास्मृतींची छायाचित्रे जपणे अगत्याचे ठरते. अशा छायाचित्रांची मर्यादित आवृत्तीतील प्रत म्हणजे ठरावीक संख्येतच मुद्रित केलेली, बहुधा छायाचित्रकाराची स्वाक्षरी असलेली प्रत. तिच्यावरील ‘७/२५’ ही नोंद पंचवीस प्रतींपैकी सातवी प्रत दर्शवते. संख्येच्या बंधनाने मोल वाढते हे खरे, तथापि संग्राहकाचे कर्तव्य आम्लविरहित कागद, मंद प्रकाश आणि अचूक तपशील सांभाळण्याचे आहे, कारण मल्लाचे नाव, स्थळ आणि वर्ष हरवले, तर दुर्मीळ प्रतही इतिहासाची साक्ष देऊ शकत नाही.