सिमरोलच्या माळावरील चिमुकल्या मोटारी

इंदूर शहरातून खंडवा रस्त्याने दक्षिणेस निघाले म्हणजे सुमारे पंचवीस किलोमीटरांवर सिमरोल हे गाव लागते. माळव्याचे पठार येथे संपत येते. पुढे विंध्य पर्वताचे उतार, चोरल नदीचे खोरे आणि भेरूघाट. घाट उतरून हीच वाट बडवाहमार्गे नर्मदेकडे जाते, आणि ओंकारेश्वरचे यात्रेकरू याच वाटेने जातात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे जन्मस्थान असलेले महू येथून फार दूर नाही. होळकरांच्या काळापासून इंदुरात मराठी घरे नांदत असल्यामुळे मराठी माणसास या मुलुखात परकेपणा वाटत नाही. २००९ साली स्थापन झालेल्या इंदूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेचे विस्तीर्ण आवार आज सिमरोल येथेच आहे. त्यामुळे देशाच्या कानाकोपऱ्यांतील कुटुंबे या लहानशा गावाच्या आसपास येऊन राहिली आहेत.

आमच्या धर्मग्रामातील असेच एक कुटुंब नोकरीनिमित्त तिकडे गेले आहे. गेल्या हिवाळ्यात आम्ही त्यांच्याकडे दोन दिवस मुक्कामास होतो. रविवारी मिस्सा व भोजन आटोपल्यावर यजमान आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा आम्हांस गावाबाहेरच्या एका पडीक माळावर घेऊन गेले. जमीनमालकाची परवानगी त्यांनी आधीच घेतली होती. हातातील पेटीतून त्यांनी हातभर लांबीची एक मोटार काढली. मुलाने यंत्राची कळ दाबताच ती मुरमाचे खडे उडवीत धावू लागली. उंचवट्यावरून ती उडाली, उलटता उलटता सावरली आणि वळून पुन्हा आमच्या पायांशी आली. हे खेळणे मुलापेक्षा कितीतरी वडील आहे, असे ऐकून आम्हांस नवल वाटले.

तारेवाचून दुरून यंत्र हाकण्याची कल्पना जुनीच आहे. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्क येथे पाण्यातील एक लहान नाव बिनतारी लहरींनी चालवून दाखविली होती. मोटारींना हे भाग्य पुढे लाभले. जपानमधील शिझुओका येथील टामिया ही कंपनी १९४६ साली लाकडाच्या व्यवसायात निघाली. तीतून लाकडी प्रतिकृती, मग प्लॅस्टिकच्या प्रतिकृती आणि १९७६ साली बिनतारी मोटार असा तिचा प्रवास झाला. इकडे मेक्सिकोतील बाहा नावाच्या ओसाड द्वीपकल्पात १९६७ पासून वाळवंटी शर्यत भरत असे. तीत उंच चाकांच्या फोक्सवॅगन मोटारी धावत. त्यांच्याच नमुन्यावर टामियाने १९७९ साली ‘सँड स्कॉर्चर’ ही खडबडीत जमिनीवर धावणारी छोटी मोटार काढली. पुढे बेडूक, नाकतोडा, गांधीलमाशी अशा प्राण्यांच्या इंग्रजी नावांच्या मोटारी आल्या. आम्ही पाहिली ती ‘हॉर्नेट’, म्हणजे गांधीलमाशी. ती १९८४ सालची. खऱ्या गाडीच्या एक-दशांश मापाची ही मोटार सुट्या भागांच्या स्वरूपात मिळे आणि घेणाऱ्याने ती स्वतः जोडावयाची असे.

त्याच बाहाचे नाव आज इंदूरनजीक पीथमपूर येथेही ऐकू येते. तेथील वाहन-चाचणी केंद्रात अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची ‘बाहा’ स्पर्धा भरविली गेली असून, एका माणसाची, खाचखळग्यांतून जाणारी गाडी मुलांनी स्वतः बांधून आणावयाची असते. सिमरोलच्या माळावरील चिमुकली मोटार ही त्याच शाळेची पहिली इयत्ता म्हणता येईल.

परंतु या मोटारीने घरात एक पेच निर्माण केला होता. ती यजमानांच्या मामांची. ते जहाजावर नोकरीस असत, आणि १९८५ साली जपानच्या एका बंदरातून त्यांनी ती आणली होती. मामा वारले, आणि खोक्यासह ती भाच्याकडे आली. जुन्या मोटारींचा संग्रह करणाऱ्या एका गृहस्थाने तिला चांगली किंमत देऊ केली. घराच्या कर्जाचे हप्ते चालू असल्यामुळे ती विकावी असे गृहिणीचे मत पडले, आणि ते गैर होते असे कोण म्हणेल? यजमानांना ती कपाटात जपून ठेवावयाची होती. मुलास मात्र ती धावताना पाहावयाची होती.

अखेरीस तिघांनी मिळून जो मार्ग काढला तो आम्हांस शहाणपणाचा वाटला. या जुन्या नमुन्याची मोटार कंपनीने २००४ साली पुन्हा बाजारात आणली असल्यामुळे बरेचसे सुटे भाग नवे मिळतात. म्हणून मामांच्या मोटारीचे मूळ रंगविलेले आवरण, मूळ टायर व माहितीपुस्तिका खोक्यात सुरक्षित ठेवली. धावण्यासाठी नवे आवरण व नवे टायर घेतले. पुन्हा मूळ रूपात आणता येणार नाही असा कोणताही बदल करावयाचा नाही, हा पहिला नियम. महिन्याला ठरावीक रकमेपलीकडे खर्च करावयाचा नाही आणि प्रत्येक रुपया वहीत लिहावयाचा, हा दुसरा. ती वही गृहिणीच्या ताब्यात असते!

सुधारणा कशा केल्या, हेही मुलाने आम्हांस उत्साहाने समजाविले. प्रथम चाकांतील प्लॅस्टिकचे बुश काढून तेथे बॉल बेअरिंगे बसविली. घर्षण कमी झाले, एका चार्जिंगमध्ये मोटार अधिक वेळ धावू लागली आणि कोणत्याही भागावर ताण वाढला नाही. जुन्या पद्धतीत वेग कमी करण्यासाठी विजेचा काही भाग तारेच्या वेटोळ्यात उष्णतेच्या रूपाने वाया जाई व संपर्कबिंदू जळत; त्या जागी इलेक्ट्रॉनिक नियंत्रक आला. जुनी रेडिओ-यंत्रे २७ मेगाहर्ट्झवर चालत, आणि दोघांची कंपने एकच झाली तर एकाच्या हुकमाने दुसऱ्याची गाडी भरकटे. आजची २.४ गिगाहर्ट्झची यंत्रे आपली वाट स्वतः शोधतात. या लहरींवरील कमी शक्तीच्या यंत्रांना आपल्या देशात २००५ पासून परवाना लागत नाही. जपानी स्क्रूंना नेमका बसणारा पेचकसच वापरावा लागतो, नाहीतर स्क्रूचे डोके झिजते, ही बारकाईही त्या मुलाने आम्हांस दाखविली.

अधिक शक्तीची मोटर व लिथियम बॅटरी बसविण्याचा मोह मात्र यजमानांनी टाळला आहे. जुन्या प्लॅस्टिकचे गिअर तेवढ्या जोरासाठी घडविलेले नाहीत. त्यांचे दाते तुटतात. शिवाय लिथियमचा सेल सुमारे तीन व्होल्टांखाली रिता झाला तर निकामी होतो, आणि चुकीच्या चार्जिंगने पेटही घेतो. म्हणून जेथे ती वापरतात तेथे योग्य वेळी वीज तोडणारा नियंत्रक हवा आणि चार्जिंग चालू असता जवळ माणूस हवा. हे ऐकून आम्हांस प्रभूने दिलेला नव्या द्राक्षारसाचा व जुन्या बुधल्यांचा दाखला आठवला. जुन्याचा मान राखणे म्हणजे त्याची शक्ती ओळखून त्यास वागविणे होय.

सिमरोलची जमीनही असाच धडा शिकविते. पावसाळ्यात तेथील काळी माती गोंदासारखी चिकटून चाके व बेअरिंगे जखडून टाकते, म्हणून तेव्हा मोटार घरीच राहते. हिवाळ्यात मुरमाड माळ चांगला. खेळून आल्यावर चिखल वाळू द्यावयाचा, ब्रशाने झाडावयाचा, प्रत्येक स्क्रू तपासावयाचा, बॅटरी काढून ठेवावयाची, आणि टायर चपटे होऊ नयेत म्हणून मोटार लाकडी ठोकळ्यावर उचलून ठेवावयाची. अर्धा तास खेळ आणि तासभर सेवा, असा हिशेब पडतो. हा तासभर बापलेक जमिनीवर शेजारी शेजारी बसलेले असतात, आणि शाळेतील ज्या गोष्टी जेवताना निघत नाहीत त्या तेथे निघतात, असे गृहिणीने आम्हांस आपण होऊन सांगितले.

वाचकहो, आमच्या गावांतील किती घरांत ही कौशल्ये अजून शिल्लक आहेत? शिलाई यंत्र उघडून तेल घालणारी आजी, विहिरीचा पंप स्वतः दुरुस्त करणारे आजोबा यांची पिढी सरत चालली आहे. आजची बहुतेक उपकरणे बंद डबीसारखी येतात. बिघडली की फेकावयाची. अशा काळात मुलाच्या हाती उघडता येणारी, मोडली तर जोडता येणारी वस्तू देणे ही मोठीच देणगी आहे. त्यासाठी जपानी मोटारच हवी असे मुळीच नाही. माळ्यावर पडलेली जुनी सायकल, मुका झालेला रेडिओ, नादुरुस्त पंखा यांपैकी काहीही चालेल. मात्र विजेची वस्तू उघडण्यापूर्वी तिची जोडणी काढलेली असावी आणि जाणते माणूस शेजारी असावे.

धन्याने सोपविलेले द्रव्य जमिनीत पुरून ठेवणाऱ्या दासाची गोष्ट आम्ही वेदीवरून अनेकदा सांगितली आहे. मामांची मोटार कपाटात राहिली असती तर तिची किंमत कदाचित वाढली असती. माळावर ती थोडी झिजते आहे, हे खरे. परंतु तिच्या खोक्यावर आता मामांच्या नावाखाली मुलाने स्वतःच्या अक्षरात आणखी एक ओळ लिहिली आहे: कोणता भाग कोणत्या तारखेस बदलला, याची. घरातील वारसा असाच पुढे जावयाचा असतो.