डोळ्याला डोळा

परवा भाच्यानं फोनवर विचारलं, "मामा, खोटं बोलणारा डोळ्याला डोळा देत नाही म्हणतात, खरं का?" मी विषय बदलला. ब्रह्मपुरीच्या आमच्या घरातली एक गोष्ट आठवली. घरच्यांनाही ती आज पहिल्यांदाच कळेल...

दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक चालतं. एका वर्षी, ऐन मंडईच्या आदल्या दिवशी, आबाजींच्या बंडीतली दहाची नोट गेली. अंगणात दोघांना उभं केलं. मी आणि आमच्या सालदाराचा मुलगा, माझ्याच वयाचा.

"वर पाहून सांग, घेतली का?"

मी सरळ आबाजींच्या डोळ्यांत बघून "नाही" म्हटलं. तो पायाच्या अंगठ्याकडे बघत राहिला. मोठ्यांपुढे मान वर करायची नाही, हे त्याला लहानपणापासून शिकवलेलं. आबाजी म्हणाले, "पाहा, नजर देत नाही!" झालं. दुसऱ्या दिवसापासून तो आमच्या अंगणात खेळायला आला नाही.

नोट माझ्या चड्डीच्या खिशात होती.

पुढे वाचनात आलं की बाँड आणि डिपॉलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र करून पाहिले. खरं-खोटं ओळखण्यात माणसं सरासरी ५४ टक्के वेळाच बरोबर निघाली. नाणं उडवलं तरी ५० येतातच की! नजर चुकवणं ही काही खात्रीची खूण नाही.

मग यंत्र? पॉलिग्राफ श्वास, रक्तदाब, घाम मोजतो. म्हणजे घालमेल मोजतो, खोटं नाही. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयानं एका खून खटल्यात मेंदूच्या लहरींची चाचणीही पुराव्यात धरली होती. शेवटी ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सेल्वी खटल्यात सांगितलं की संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत.

त्या दिवशी अंगणात यंत्र लावलं असतं तरी तोच सापडला असता, असं वाटतं. भीती त्यालाच जास्त होती. मी घरचा होतो ना!

आबाजी आता नाहीत. तो मात्र गावातच राइस मिलवर आहे. भेटला की आजही खाली बघूनच बोलतो. येत्या मंडईला त्याच्याकडे जायचं ठरवलंय. सांगताना त्याच्या डोळ्यांत बघणं मला जमेल की नाही, कोण जाणे.